दहा मिनिटं आणि वरची सहा

प्रिय ताई,

रविवारी दुपारी तू दोनदा फोन केलास. दोन्ही वेळा फोन माझ्या समोरच होता, ओट्यावर, मिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेला. तुझं नाव दिसत होतं. मी उचलला नाही. संध्याकाळी 'गडबडीत होतो, नंतर बोलतो' असा निरोप पाठवला, तोही अर्धाच खरा. आज मंगळवार. सकाळी कामावर निघण्याआधी दीड तास मिळतो, त्यात हे लिहितोय. फोनवरही बोलता आलं असतं, पण जे सांगायचंय ते बोलायला गेलो की मी नेमका त्याच्या शेजारून निघून जातो, हे आता माझ्या लक्षात आलंय. दवाखान्यात, पाण्याच्या मशीनपाशी, तू मला एकच प्रश्न विचारला होतास. बाबा माझ्याबद्दल काही म्हणाले का? मी लगेच 'नाही गं' म्हणालो. ते खरं नव्हतं. आधी रविवारचं सांगतो आणि मग तिकडे येतो. पळवाट शोधत नाहीये. क्रमाने गेलो नाही तर माझ्या हातून काहीतरी गाळलं जाईल, आणि जे गाळलं जाईल ते नेमकं माझ्या सोयीचं असेल.

बाबांना जाऊन महिना झाला म्हणून त्यांना वस्ताद म्हणणारी क्लबाच्या स्वयंपाकघरातली जुनी मंडळी घरी येतो म्हणाली. वीसेक जण. वाढप्यांच्या कप्तानाने (मिशी आता पूर्ण पांढरी झालीय, बाकी तसाच ताठ) फोनवर सांगितलं की भाषणं वगैरे काही नकोत, फक्त वस्तादांचं ते छोटं सँडविच खायला घाल. म्हणजे स्टेकचं, हिरव्या लोण्याचं. मी हो म्हणालो. साठ करायची ठरवली, माणशी तीन. तुझी भावजय म्हणाली, बाहेरून मागवू, तू कशाला जिवाला त्रास करून घेतोस? पण त्रास वगैरे काही नव्हताच. ताई, तेच तर तुला सांगायचंय. या महिन्यात मला काहीच झालं नाही. जेवलो, झोपलो, दुकानोदुकानी जाऊन लोकांचे वजनकाटे तपासले. कधी कधी एखादा काटा असा सापडतो की ताटलीत काहीही ठेवा, तो शून्यावरच. मोडलेला दिसत नाही, काच स्वच्छ, सगळं जागच्या जागी, फक्त हलत नाही. मी त्याला मनातल्या मनात मुका काटा म्हणतो आणि बाजूला काढतो. मला बाजूला काढायला कोणी नव्हतं, म्हणून मी चालू राहिलो.

लोणी शनिवारीच केलं. बाबा सांगायचे तसंच: लसूण मिठाबरोबर सुरीच्या पात्याने रगडून, पार्सली अगदी बारीक, थाइमची फक्त पानं, लिंबाची नुसती पिवळी साल किसून, खालचा पांढरा भाग आला तर कडू होतं. मग कागदात गुंडाळून मेणबत्तीसारखी सुरळी. एक चूक केली. पानं धुतली आणि नीट कोरडी न करताच चिरली. रविवारी कागद उघडला तर सुरळीवर पाण्याचे थेंब. आठवतं ना, ओली पानं घातलीस तर लोणी रडेल, असं बाबा प्रत्येक नवशिक्याला ऐकवायचे? आत्या शेजारी उभी होती. चष्मा वर करून तिने ती सुरळी निरखली आणि म्हणाली, "चला, या घरात कुणीतरी रडलं म्हणायचं." मी हसलो. ती हसली नाही.

मांसाचे काप दोन बोटं जाड आणले होते. पुसून कोरडे केले, मीठ लावून पाऊण तास बाहेर ठेवले. बाबांचा बिडाचा तवा, धूर निघेपर्यंत तापवलेला. एक बाजू अडीच मिनिटं, हात न लावता, दुसरी तितकीच. हे सगळं तुला मी सांगावं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं झालं. तरी लिहितोय, कारण ते करताना माझे हात नीट चालत होते आणि मी त्यांच्याकडे दुसऱ्या कुणाचे असावेत तसा बघत होतो. पहिली खेप उतरवली आणि सवयीने ओरडलो, "उतरलं!" आणि काय सांगू तुला, स्वयंपाकघरात होते नव्हते त्या सगळ्यांनी हात वर केले. कप्तानाने, भांडी घासणाऱ्या मावशींनी, तुझ्या जागी सॅलडच्या थंड टेबलावर आता जी आहे तिनेही. क्लबात शिकलेली माणसं. कप्तान तर घड्याळ काढून ताटाशी पहारेकऱ्यासारखा उभा राहिला. लहानपणी आपण दोघं असेच उभे असायचो, तू ताटापाशी, मी घड्याळापाशी. दहा मिनिटं मांसाला हात नाही, सुरी नाही, दारावर कोणी आलं तरी जायचं नाही, जागा सोडायची नाही. गरम असताना कापलंत तर सगळा रस ताटात, तुमच्या तोंडात चोथा. एकदा वीज कंपनीचा माणूस दारात ताटकळला होता आणि बाबा आतून ओरडले होते, "सात मिनिटं राहिली!" त्या माणसाला वाटलं, वीज जाणार आहे.

त्या दहा मिनिटांतच तुझा फोन आला. वाजू लागला तसा कप्तान म्हणाला, "थांब म्हणावं! वस्तादांच्या घरात उतरलेल्या मांसापुढे राजासुद्धा थांबतो." सगळे हसले. फोन बंद झाला, पुन्हा वाजला. आत्याने वाकून नाव वाचलं. "लेक आहे होय," ती म्हणाली. "वाजू दे. बापाने शेवटपर्यंत तोंडातून नाव काढलं नाही तिचं. आता कुणाला फोन करतेय?" आत्याची जीभ तुला माहीत आहे, तिच्या मनात विष नाही, फक्त तोंडाला झाकण नाही. कप्तानाने घड्याळात मान घातली. मावशी म्हणाल्या, "असं नका बोलू ओ, पोरगी चांगली होती." होती, म्हणाल्या. तुझी भावजय माझ्याकडे बघत होती. आणि त्या खोलीत मी एकटाच असा माणूस होतो ज्याला ठाऊक होतं की आत्या बोलली ते खोटं आहे. माझ्या हातात सुरी होती. मी तिची धार अंगठ्यावर बघितली. दहा मिनिटं झाली, मी मांस धाग्याच्या आडवं कापायला लागलो.

सँडविचेस चांगली झाली, हे सांगायला हवं. पाव आतून भाजलेले, लोणी कडेपर्यंत. कप्तानाने पाच खाल्ली. आत्या म्हणाली, "तुझ्या बापाने लोणी आणखी लावलं असतं, पण ठीक आहे, तू सरकारी माणूस, मापातच लावणार." सगळ्यांनी बाबांच्या गोष्टी सांगितल्या, त्यांच्या शिव्यांच्या नकला केल्या. मीही एक खाल्लं. गरम होतं एवढं कळलं.

आता तुझ्या-बाबांच्या भांडणाबद्दल. त्यावर मी कधी माझं मत दिलं नाही, आणि तू ते माझं भलेपण समजत आलीस. बाबांचा उजवा हात थरथरायला लागला ते तुला सगळ्यांच्या आधी दिसलं, अकरा वर्षं तू त्यांच्या शेजारच्या टेबलावर काम करत होतीस. तू त्यांना तीनदा समजावलंस, त्यांनी तीनदा उडवून लावलं. मग ते तेलाचं भांडं त्यांच्या हातून मावशींच्या पायापासून वीतभर अंतरावर पडलं, आणि तू व्यवस्थापकाकडे जाऊन सांगितलंस. बरोबर केलंस. मला तेव्हाही तसंच वाटलं होतं. पण बाबांना निवृत्त केलं, निरोपाचा समारंभ झाला, भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणि ते घड्याळ खोक्यातून बाहेर न काढता ते घरी येऊन म्हणाले, "माझ्या हाताची चुगली माझ्याच लेकीने केली." तू दुसऱ्या गावी नोकरी धरलीस. दर रविवारी फोन करायचीस आणि मी सांगायचो, बाबा आंघोळीला गेलेत. दोन वर्षं दर रविवारी. इतका स्वच्छ माणूस जगात दुसरा नसेल. एकदा तू हसून म्हणालीस, "साबण पाठवून देऊ का?" मी फोन ठेवून खोलीत गेलो की बाबा विचारायचे, "कोण होतं?" मी सांगायचो, ताई. ते पुन्हा वर्तमानपत्र उघडायचे. त्यांना कोण ते ठाऊक असायचं, ताई. तरी दर वेळी विचारायचे. हे मी तुला आधी सांगायला हवं होतं. मला ते दिसत होतं.

त्या दोन वर्षांत बाबांनी मला स्वयंपाक शिकवला. हे तुला माहीत नाही. तुझ्यासमोर मी कायम 'वजनवाला' होतो, घरात एक शिकला-सवरलेला असावा म्हणून ठेवलेला. "हात असावा तर थोरलीसारखा," हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. आता हात त्यांचा चालेना आणि तुझं नाव निघेना, म्हणून खुर्ची ओट्यापाशी ओढून ते बसायचे आणि मला सांगायचे. बारीक कर. अजून बारीक. गाढवा, रगडायचंय, मारायचं नाहीये. त्यांचा हात म्हणजे मी. शेहेचाळिसाव्या वर्षी माणसाने या गोष्टीने इतकं सुखावू नये, पण मी सुखावलो. मी रोज लिहितो त्या डायरीत तसं कुठेही लिहिलेलं नाही. मी तपासून बघितलं. तिथे फक्त पदार्थांची नावं आणि वेळा आहेत.

शेवटच्या आठवड्यात त्यांचा हात थरथरायचा थांबला. डॉक्टर म्हणाले, याचा आनंद मानू नका, ताकद संपतेय. बाबांना आम्ही हे सांगितलं नाही. ते पांघरुणावर हात ठेवून त्याच्याकडे बघत पडून राहायचे, गेलेली वस्तू परत मिळाल्यासारखे. गुरुवारी दुपारी तुझी भावजय कामावर होती, मी रजा घेतली होती. दोन दिवस त्यांनी पेजेशिवाय काही घेतलं नव्हतं, आणि अचानक म्हणाले, "ते छोटं कर एक. हिरव्या लोण्याचं." मी धावतच जाऊन मांसाचा एक काप आणला. लोणी फ्रीजमध्ये होतं. स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवून तवा तापवला, म्हणजे त्यांना आवाज ऐकू यावा. तीन वाजून दहा मिनिटांनी मांस उतरवलं. चरचर थांबली तशी खोलीतून हाक आली, "उतरलं?" मी म्हणालो, उतरलं. आणि मग बाबा म्हणाले, "ताईला फोन लाव."

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "दहा मिनिटं थांबा बाबा, तुमचाच नियम आहे." ते हसले. खरंच हसले, श्वास कमी पडला तरी. म्हणाले, "बरोबर. नियम म्हणजे नियम." मग मधे एकदा आणखी काही बोलले, ते शेवटी लिहितो. मी ओट्यापाशी उभा होतो. फोन तिथेच मिठाच्या डब्याला टेकलेला होता, मी त्यात घड्याळ बघत होतो. ताई, ज्या फोनवर मी दहा मिनिटं मोजत होतो, तोच लावायचा होता.

तीन वीसला कापलं. इथपर्यंतची दहा मिनिटं मी बाबांच्या नावावर टाकू शकतो, तेही त्यांनी 'बरोबर' म्हटलं म्हणून. पण खोलीत मी गेलो तीन सव्वीसला. मधली सहा मिनिटं मी महिनाभर मोजतोय. पाव भाजला. लोणी फार घट्ट होतं म्हणून जरा थांबलो. काप नीट रचले. सँडविच छोट्या बशीत ठेवलं आणि मग ओल्या फडक्याने बशीची कड पुसली, ते नेहमी सांगायचे म्हणून. त्या सहा मिनिटांत मी तुला फोन लावून बशीबरोबर आत नेऊ शकलो असतो. मला सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं, आणि मी कड पुसली. तुझा आवाज त्या खोलीत आला की मी पुन्हा वजनवाला होणार होतो. याहून मोठं कारण मी शोधलं, सापडलं नाही. मी आत गेलो तेव्हा बाबांचे डोळे उघडे होते, तोंड एका बाजूला ओढलेलं होतं आणि जीभ वळत नव्हती. त्यांनी बशीकडे बघितलं. मग दाराकडे बघत राहिले.

पुढचं तुला माहीत आहे. तू शुक्रवारी पोचलीस, त्यांना तू दिसलीस की नाही ते कुणालाच सांगता आलं नाही, शनिवारी सगळं संपलं. पाण्याच्या मशीनपाशी तू विचारलंस आणि मी म्हणालो, "नाही गं, दुपारभर झोपेतच होते." तू मान हलवलीस आणि माझी दुमडलेली कॉलर सरळ केलीस. माझा काटा तिथेच अडकला असावा. असं म्हणणं सोयीचं आहे, म्हणून त्यावर माझा पूर्ण विश्वास नाही. पण रविवारी आत्या बोलली तेव्हा मला एवढं कळलं की आता हे खोटं एकट्या माझं राहिलेलं नाही. ते घरातलं सत्य झालंय, लोक ते सँडविचबरोबर खातायत. तू रविवारी आली नाहीस, "माझं तिथे काय काम?" म्हणालीस, ते त्याच खोट्यावर उभं राहून. रविवारी संध्याकाळी मी आत्याच्या घरी गेलो आणि तिला खरं सांगितलं. तिने चष्मा काढला आणि पदराने पुसत बसली. तिला असं मी कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाली, "मला कशाला सांगतोस मेल्या? तिला सांग."

तर सांगतो. सोबत डायरीचं पान आहे. मी कधी पान फाडत नाही, हे फाडलंय. त्या संध्याकाळी दवाखान्यातल्या बाकावर मी ते शब्द लिहून ठेवले होते, विसरू नये म्हणून, आणि लिहून ठेवले म्हणजे पोचवले असं धरून बसलो. तीन दहा ते तीन वीसच्या मधे, पडल्या पडल्या, स्पष्ट आवाजात बाबा म्हणाले: "तिला म्हणावं, हात थांबलाय. बघायला ये म्हणावं." एवढंच. हा टोमणा होता, की 'बघ, मी म्हणत होतो ना' असा हट्ट होता, की माफी, की नुसतं बोलावणं, मला ठरवता येत नाही, आणि ठरवायचा हक्क माझा नाही. तू त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखतेस. तुला त्यांचा सूर कळेल. पण त्यात 'ये' होतं, ताई. तो निरोप तुझ्यापर्यंत यायला तेहतीस दिवस लागले, आणि तो वाटेत नाही, माझ्याकडेच अडकला होता. तू काय म्हणशील ते म्हण, किंवा काहीच म्हणू नकोस. पण कधी फोन केलास तर एवढं लक्षात ठेव, तव्यावर काहीही असो, नुकतंच उतरलेलं असो, मी उचलेन.

तुझाच, निदान हे पत्र वाचेपर्यंत तरी,
धाकटा